चिटणीसांची खूण

डॉक्टर क्षिप्रा माथुरांनी खालचा ओठ उलटा करून दाखवायला सांगितला, तेव्हा उल्हास चिटणीसांनी तो जरा ऐटीतच दाखवला. आत मोहरी सांडल्यासारखे काळपट ठिपके होते. बाहेरचे वयाबरोबर पुसट झाले होते. शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी मैत्रेयी पोटावरच्या टाक्यांवर हात धरून बसली होती. तिच्याही ओठांवर तेच ठिपके.

ही आमच्या घराण्याची खूण, असं उल्हासरावांनी डॉक्टरांना हिंदीतून समजावलं. चिटणीसांच्या घरात पोराचे दात नंतर बघत, आधी ओठ बघत. ठिपके उमटले की साखर वाटत. उल्हासरावांचे वडील चाळिशीतच पोटाच्या दुखण्याने गेले, तेव्हा दिल्लीचं पाणी बाधलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ठिपक्यांना कुणी बोल लावला नाही.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मैत्रेयीचा रिपोर्ट पुढे सरकवला. एसटीके-इलेव्हन नावाचं एक जनुक. त्यापासून तयार होणारं प्रथिन पेशींना वाढ आवरायचा निरोप देतं. मैत्रेयीच्या शरीरात तो निरोप नीट पोचत नव्हता. म्हणून आतड्यात गाठी, म्हणून महिन्यापूर्वीचं ऑपरेशन, आणि पुढे जन्मभर कॅन्सरवर नजर ठेवणं आलं. ठिपके त्याच बिघाडाचे. पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फाइली हलवलेल्या उल्हासरावांना अडकलेला निरोप लगेच समजला.

"म्हणजे हे माझ्याकडून गेलं तिला," ते म्हणाले.

यात दोष कुणाचाच नसतो, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मैत्रेयीच्या मुलीतही हे उतरलं असण्याची शक्यता निम्मी होती. तिच्या ओठांवर ठिपके आहेत का, असं त्यांनी विचारलं.

"नहीं, बिल्कुल नहीं," मैत्रेयी घाईघाईने म्हणाली. पाच वर्षं याच गोष्टीची तिला रुखरुख होती. आज पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला.

उल्हासरावांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजीबरोबर नुकतीच पोचलेली पाच वर्षांची तनया दार ढकलून आत आली. आईचं ऑपरेशन झाल्यापासून ती मयूर विहारला आजी-आजोबांकडे होती. महिनाभराने आज आईला भेटत होती. तिच्या खालच्या ओठावर तीन ठिपके होते, ठळक काळे.

मैत्रेयीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने लेकीला जवळ घ्यायला पसरलेले हात तसेच राहिले.

"मी काढलेत," उल्हासराव म्हणाले. "काजळाने. आईची आठवण आली की रडायची गं. म्हटलं, घे, आईसारखी झालीस. मग रोज सकाळी मागायला लागली."

बोलता बोलताच त्यांनी टेबलावरच्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि नातीसमोर गुडघ्यांवर बसले. काजळ आधी हनुवटीवर पसरलं. पहिला ठिपका गेला. दुसरा गेला. तनयाने मान मागे घेतली.

"आजोबा, सगळे नको ना. एक तो रहने दो."

उल्हासरावांनी तोही पुसला.

ठिपके नसले तरी रक्त तपासावंच लागेल, असं डॉक्टर हलक्या आवाजात सांगत होत्या. मैत्रेयीने मान डोलावली. तनयाला कुशीत घेऊन ती तिच्या कोऱ्या ओठावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होती, तेव्हा आपण रडतोय हे तिच्या लक्षातही नव्हतं.

उल्हासराव उठले. रुमालाचं कोरं टोक त्यांनी परत भिजवलं आणि खिडकीकडे तोंड करून स्वतःचा ओठ घासत राहिले.