बिनमिठाचे दाणे

आई गेली आणि पंधरा दिवसांत बाबांनी परसात पक्ष्यांना खाऊ घालायला सुरुवात केली. "बरं झालं, जीव रमला त्यांचा," असं भाऊ फोनवर म्हणाला. आईच्या आजारपणात मला रजा मिळाली नव्हती. आता मिळाली, म्हणून दोन दिवस आले.

बाबांचं काम एकदम चोख. दुकानात त्यांनी खारे दाणे बाजूला सारून कच्चे घेतले. घरी ते भिजवले, ओट्सबरोबर शिजवले, मिक्सरमधून काढले, वर गाळूनही घेतले. मधूनमधून फ्रिजवर चिकटवलेला कागद बघत होते.

"एवढं मऊ कशाला, बाबा? चोची आहेत की त्यांना."

"ठसका लागतो," ते म्हणाले.

कोमट झाल्यावर त्यांनी ते चमच्याचमच्याने थाळीत वाढलं. चिमण्या आल्या, पाच मिनिटांत थाळी साफ करून उडून गेल्या. बाबा मात्र रिकाम्या थाळीशेजारी खुर्ची ओढून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिले.

"बाबा, गेले की सगळे. चला ना आत."

"अजून वीस मिनिटं आहेत."

मी आत आले आणि फ्रिजवरचा कागद वाचला. वर हॉस्पिटलचं नाव होतं, त्याखाली आईचं. अगदी शेवटच्या ओळीखाली बाबांनी पेनने दोनदा रेघ मारली होती.



"भरवून झाल्यावर अर्धा तास रुग्णाजवळून हलू नये."