राजाचे हुकूम

“राजाला प्रश्न विचारायचा नाही. राजवाड्यात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही.” सरांनी फळ्यावर लिहिलं आणि हाताचा खडू झटकला. “हे राजाचे हुकूम. आणि राजा कोण?”

“तुम्ही,” सातवीचा वर्ग एका सुरात म्हणाला.

हा खेळ दरवर्षीचा. राज्य कसं चालतं, पैसा कसा फिरतो, हे पुस्तकातून सांगितलं की पोरं जांभया देतात. म्हणून सर तीन आठवडे वर्गाचाच देश करायचे. पहिला आठवडा राजाचा. प्रत्येक गटाने कामं करून खडूचे तुकडे कमवायचे आणि त्यातले अर्धे मुकाट्याने राजाच्या टेबलावर आणून ठेवायचे. राजा बोले, दळ हाले. पोरांनी सरांचं नावच ‘सरकार’ पाडलं होतं, आणि सरांना ते मनातून आवडायचं.

हुकूम पाळण्यात पहिला नंबर सरांच्या मुलीचा आला. त्यात नवल काही नव्हतं. गेलं वर्षभर ती कुणाशी बोललीच नव्हती.

पूर्वी तिला वर्गात ‘रेडिओ’ म्हणायचे. बोलायला लागली की बंद करायचं बटण सापडायचं नाही. मग तिची आई घरातल्या जिन्यावरून पडून गेली आणि रेडिओ बंद पडला. मुलगी तेव्हा घरीच होती. शेजाऱ्यांना हाका सरांनीच मारल्या. ती नुसती दारात उभी होती म्हणे.

शाळेच्या समुपदेशक बाई दर शनिवारी तिला घेऊन बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “सर, मला तिला एकटीला भेटू द्याल?”

“मी जवळ असलो की तिला धीर असतो,” सर म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. बाप असावा तर असा, असं शिक्षकांच्या खोलीत सगळेच म्हणायचे.

पण या वेळी समुपदेशक बाईंनी स्पष्टच सांगितलं. “सत्र संपेपर्यंत बोलली नाही, तर तिच्या मावशीकडे पाठवू या. मावशी तयार आहे. तिकडे मुलांचे चांगले डॉक्टर आहेत.”

“ती माझ्याजवळच राहील,” सर म्हणाले. “बोलेल हो. जरा तिच्या कलाने घेऊ. मला आता तिच्याशिवाय आहे कोण?”

रोज जेवताना ते विचारायचे, “आज कुणाशी काही बोललीस का गं?” ती मान हलवायची. “बरं, असू दे,” म्हणून ते तिच्या ताटात आणखी थोडं वाढायचे.

दुसऱ्या आठवड्यात राजा गेला आणि सगळं सगळ्यांचं झालं. खडू एका कोठारात जमा, आणि राबणाऱ्याला नि लोळणाऱ्याला सारखाच वाटा. दोन दिवसांत कोठार रिकामं. सांभाळणाऱ्या गटाने मोज्यांत खडू कोंबले होते. सरांच्या मुलीने ते पाहिलं होतं; ती कोठाराशेजारीच बसायची. चोर कोण, म्हणून सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी तिने फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. राजाचे हुकूम तिथे तसेच होते. ते पुसायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात निवडणूक झाली, बाजार खुला झाला, आणि खोडरबराचे भाव आभाळाला भिडले. वर्गातली एक भांडकुदळ मुलगी पंतप्रधान झाली. तिने पहिल्याच दिवशी डस्टर उचलला. “राजाचे हुकूम रद्द,” म्हणाली, आणि कोपरा खसाखसा पुसून टाकला. त्या जागी सरांनी न्यायालयाचा नियम लिहिला. न्यायाधीशाने कुणालाही प्रश्न विचारावा, आणि विचारलेल्याने खरंच सांगावं.

खडूचोरीच्या खटल्याला मोठ्या बाई आणि समुपदेशक बाई मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसल्या. न्यायाधीशाची चिठ्ठी निघाली ती सरांच्या मुलीची.

सर घाईने पुढे झाले. “तिला नाही झेपायचं,” ते म्हणाले. “दुसरी चिठ्ठी काढा.”

“नाही सर. नियम सगळ्यांना सारखा, तुम्हीच शिकवलंत,” पंतप्रधान म्हणाली. “आणि तुम्ही आता राजा नाही.” वर्ग खो खो हसला.

“बसू द्या हो तिला,” मोठ्या बाई मागून म्हणाल्या.

मुलगी सरांच्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती फळ्याच्या पुसलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पोरं चुळबुळायला लागली. मग तिने तोंड उघडलं.

“राजाचे सगळे हुकूम रद्द?”

आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. समुपदेशक बाईंनी मोठ्या बाईंचा हात घट्ट धरला.

“सगळे,” पंतप्रधान कशीबशी म्हणाली.

“सगळीकडचे?”

“सगळीकडचे. देश म्हटल्यावर.”

मोठ्या बाईंना रडू आवरेना. “सर, बोलली हो तुमची पोर,” त्या म्हणाल्या.

“हो,” सर म्हणाले. त्यांनी रुमालाने मान पुसली. “चांगलं झालं. आज इथेच थांबू. तिला दमवायला नको.”

“अजून घंटा झाली नाही, सर,” पंतप्रधान म्हणाली.

“साक्षीदार,” मुलगी म्हणाली, आणि तिने समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. “बाबा, तुम्ही.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून दोघी कौतुकाने बघत होत्या. सर उठले, चार पावलं चालून तिच्यासमोर उभे राहिले आणि हसले. मुलगी हसली नाही.

“आईला ढकललंत ना, त्याआधी ती तुम्हाला काहीतरी म्हणाली,” ती म्हणाली. “मी दाराआड होते, तेवढंच मला ऐकू आलं नाही. काय म्हणाली, बाबा?”