अकराव्याआधी बारावं

बारावं पत्र मर्सीने हातात घेतलं, आकडा पाहिला आणि न फोडताच घड्याळामागे ठेवून दिलं. अकरावं अजून आलं नव्हतं.

नवरा अमेरिकन आरमारात पर्सर होता. जहाजावरच्या बिस्किटांपासून सदऱ्यांपर्यंत सगळं त्याच्या वहीत ओळीने असे. पत्रांवरही तो आकडे घाली, कारण ती वेगवेगळ्या जहाजांनी मागेपुढे पोचत. एकदा तिने पाचवं आधी वाचलं. ‘पाय आता बरा आहे,’ एवढंच त्यात होतं. चौथं येईपर्यंत महिनाभर ती रडली. चौथ्यात तो जिन्यावरून घसरला होता. तेव्हा त्याने लिहून कळवलं: यापुढे क्रम मोडायचा नाही.

पुढच्या आठवड्यात बोस्टनच्या धक्क्यावर बातमी आली की त्याचं जहाज लढाईत बुडालं. शेजारीण काळं कापड घेऊनच आली. “अगं, फोड ते पत्र! तारीख तरी कळेल, बुडायच्या आधीची की नंतरची.”

“अकरावं येऊ दे,” मर्सी म्हणाली. रोज घड्याळाला किल्ली देताना ती पत्राला नुसता हात लावी.

महिन्याने नवराच दारात उभा राहिला. “धक्क्यावर का नाही आलीस? बाराव्यात लिहिलं होतं!”

“अकरावं कुठाय?”

त्याने खिसे चाचपले. कोटाच्या अस्तरातून एक चुरगळलेलं पत्र निघालं. टपालात द्यायचंच राहून गेलं होतं.

मर्सीने त्याला पायरीवर बसवलं. अकरावं, बिस्किटांतल्या किड्यांबद्दलचं, सहीपर्यंत वाचलं. मग बारावं फोडलं. ‘जहाज बुडालं. बोस्टनला येतोय, धक्क्यावर ये. मी सुखरूप आहे.’

मग कुठे तिला रडू फुटलं.