नवी खुंटी

कपड्यांच्या दुकानातल्या मुली ज्या खोलीत गणवेश बदलत, तिथं मालकानं स्वतःच्या हातानं नवी खुंटी ठोकली आणि बजावलं, "हिच्यावर काही अडकवायचं नाही. नाजूक आहे." सगळ्यांत जुन्या ताईला हसू आवरेना. काही अडकवायचंच नाही, तर खुंटी हवी कशाला? तिनं मुद्दाम डब्याची पिशवी अडकवली. खुंटी खाडकन तुटली आणि आतून वाटाण्याएवढा कॅमेरा लोंबकळला. ताईचं हसू मावळलं. ती तडक गल्ल्यापाशी गेली, खुंटी मालकापुढं आपटली आणि भर दुकानात पोलिसांना फोन लावला. "ताई, बोभाटा करू नका," मालक पहिल्यांदाच अहोजाहोवर आला, "तुमचीच अब्रू जाईल." "माझी कशी? मी तर दार लावून कपडे बदलते. चोरून बघणं कायद्यानं गुन्हा आहे." "अहो, हळू! गिऱ्हाईकं बघताहेत!" "बघू देत. तुम्हाला निदान कळतंय तरी, कोण बघतंय ते."