पाठीला पाठ

डॉक्टरीणबाईंनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि काका-काकूंना त्यांवर बसवलं.

"मागे बघायचं नाही. समजा, काकू बेशुद्ध आहेत. बऱ्या होतील अशी आशा फार थोडी आहे. व्हेंटिलेटर लावायचा का? हो असेल तर हात वर. काकू, तुम्ही स्वतःचं मत सांगा. काका, तुम्ही काकूंचं."

"ह्यात विचारायचं काय?" काका म्हणाले. "साधी सुई टोचायची म्हटली तरी ही दवाखाना डोक्यावर घेते."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता वळा."

काकूंचा हात वर होता.

"अगं, प्रश्न नीट ऐक."

"ऐकलाय. थोडे दिवस लावून बघायचा. नाहीच जमलं, तर मग काढा."

"पण तू सुईला..."

"सुईला भिते हो. म्हणून जगून बघायचंच नाही की काय?"

दोघं पुन्हा पाठमोरे बसले. डॉक्टरांनी तोच प्रश्न काकांबद्दल विचारला. काकूंनी लगेच हात वर केला.

"ह्यांना सगळे उपाय हवेत. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, एक मोडका टाकला नाही. घरात पाय ठेवायला जागा नाही."

काकांचे हात मांडीवरच होते.

"ते सुट्या भागांसाठी ठेवलेत," ते म्हणाले. "जो बोलणार नाही तो सेट मी उगाच उघडून बसलो नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो. मलाही तसंच सांगा. दुखू देऊ नका आणि हिला जवळ बसू द्या. पुरे."

काकू खुर्चीतच पूर्ण वळल्या.

"अहो, मी तुम्हाला मशीनवर ठेवलं असतं."

"आणि मी तुला..."

"बहुतेक जण चुकतात," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आज चुकलं तर काही बिघडत नाही. घरी बोला, मुलीलाही सांगा. मग पुढच्या आठवड्यात लिहून काढू."

बसथांब्यावर दोघं बाकावर बसले. काकांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं,

"अजून काय काय चुकीचं धरून चाललोय मी?"

"पुष्कळ आहे," काकू म्हणाल्या. "बसमध्ये खिडकीची जागा मला आवडत नाही. वारा लागतो."

"मग बसतेस कशाला दर वेळी?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने देता!"

"सांगायचं नाहीस?"

"विचारलंत कधी?"

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली, तसं दार मिटलं आणि बस निघून गेली.

"हं," ते काकूंकडे सरकत म्हणाले, "आता तू मला विचार."