साहेबांचा शर्ट

एक्क्याण्णव साली माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूचा पुढचा भाग झिजत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यभर मऊ बोललेला हा शिंपी आता गिऱ्हाइकाला तोंडावर "काय रे ढोल्या" म्हणायचा, आणि वहिनी रडली तरी नुसता बघत राहायचा.

"त्याला संस्थेत ठेवू या," मी म्हटलं.

"वन्सं, त्यांना सगळं आठवतं. लाज आणि माया तेवढी गेलीय. त्यात त्यांचा काय दोष?"

ती वाद घालायची नाही. रोज सकाळी त्याच्या हातात टेप द्यायची. हाताला काम असलं की तो शांत राही.

एका दुपारी तो आरशापुढच्या रिकाम्या जागेचं माप घेऊ लागला. "हात जरा वर घ्या, साहेब." इतक्या अदबीनं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मला हसू फुटलं. वहिनीनं मात्र आकडे उतरवून घेतले आणि शर्ट शिवला. पुढं एकदा तो म्हणाला, "साहेब, सुटलात हो!" तिनं निमूटपणे शिवण इंचभर सोडली.

संस्थेचं नाव मी पुन्हा काढलं नाही. दादा सहा वर्षांनी घरीच गेला, तिचा हात धरून. तिच्याएवढ्या धीराची बाई मी पाहिली नाही. गेल्या वर्षी तीही गेली आणि शर्ट माझ्या कपाटात आला.

कुणीच न घातलेल्या त्या शर्टाची कॉलर मानेपाशी विरली होती. वहिनीसारखीच, काही न विचारता, मी ती उलटून शिवली.

आता दुसरी बाजूही विरू लागली आहे.