दुभाष्याच्या जागी

बेगबार्सला आत आणलं तेव्हा त्याचे हात पुढे बांधलेले होते आणि एका पायात बूट नव्हता. समोर बाकावर गडाचा राजा यारोपोल्क बसला होता, शेजारी त्याची म्हातारी आई.

दुभाष्या लढाईत पडला होता, म्हणून यारोपोल्कनं बायकोला बोलावून घेतलं. माळरानावरच्या किपचाकांची बोली गडावर आता तिलाच येत होती. ती त्यांचीच होती. तह पक्का व्हावा म्हणून तिला सुला नदीच्या अलीकडे, इथं दिलं. बाप्तिस्मा झाला आणि तोलुनची येवदोकिया झाली. समोर उभा असलेला कैदी तिचा सख्खा मोठा भाऊ होता. तो तह मोडून त्यानं नदीकाठची दोन गावं जाळली होती.

यारोपोल्कनं तिला आधीच बजावलं होतं. मी विचारेन तेवढंच त्याला विचारायचं, तो सांगेल तेवढंच मला सांगायचं. घरच्या गप्पा नकोत, त्यातून गडाची खबर बाहेर जाते. तसं नुसतं वाटलं तरी शपथ घेऊन सोडायचं राहील बाजूला, तो कैद्यांच्या खड्ड्यातच मरेल. हे तो रागावून बोलला नव्हता. त्या गावांतली मेलेली माणसं स्वतः पुरून तो आला होता.

"विचार त्याला," यारोपोल्क म्हणाला. "पुन्हा सुला ओलांडणार नाही अशी शपथ घेतो का? घेतली तर सोडतो."

तोलुन भावाकडं वळली. लग्नानंतर आपल्या भाषेत ती मोठ्यानं बोललीच नव्हती.

"दादा, नदी पुन्हा ओलांडणार नाही अशी शपथ घे, सोडतील तुला." आवाज तिनं एका सुरात ठेवला होता. "चेहरा हलवू नकोस. आई कशी आहे?"

बेगबार्स तिच्याकडं बघत राहिला. "जाड झालीस गं," तो म्हणाला. "घोड्यावर बसतेस का अजून? बिचारा घोडा."

"काय म्हणतो?" यारोपोल्कनं विचारलं.

"विचार करतो म्हणतो."

"यात विचार कसला करायचा?"

ती पुन्हा भावाकडं वळली. "आईचं सांग आधी."

तो आपल्या उघड्या पायाकडं बघायला लागला. मग म्हणाला, "आई नाही आता. हिवाळ्यात गेली. खोकला धरला होता. शेवटी शेवटी तुलाच हाका मारत होती. मी सांगितलं, येतेय ती, नदीपर्यंत आलीये."

"काय म्हणाला?"

तोलुननं अंगावरची शाल सारखी केली. "हिवाळा फार कडक गेला म्हणतो. गुरं मेली सगळी. म्हणून गावांवर आले."

"इथंही तोच हिवाळा होता," यारोपोल्क म्हणाला. "सांग त्याला."

तिनं ते सांगितलं नाही. "कुठं ठेवलंय तिला?" तिनं विचारलं.

"ओरेल नदीच्या काठी, टेकाडावर. तिची मूर्ती दगडात घडवून बसवलीय. आपल्यात सगळ्यांचे दगड उगवतीकडं तोंड करून असतात. तिचा मी इकडं वळवला. म्हातारे चिडले माझ्यावर."

तोलुन मुद्दाम खोकली. "दादा, शपथ घे. माझं आता तुझ्याशिवाय कुणी नाही."

"नदी ओलांडायची नाही, तर तुला बघायचं कसं?"

"नको बघूस," ती म्हणाली. "जिवंत राहा फक्त."

बेगबार्सनं बांधलेले हात पुढं केले. शिपायानं त्यांच्यापुढं तलवार आडवी धरली, तिच्या पात्यावर हात टेकून त्यानं शपथ घेतली. आपण नाही, आपले घोडे नाहीत, आपली मुलंही नाहीत. तोलुननं ती शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितली. त्या सकाळी तिनं नवऱ्याला खरं सांगितलं ते एवढंच. मग शिपाई त्याला नावेकडं घेऊन गेले. बूट नसलेला पाय दुखावला असावा, तो जरा लंगडत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

काम नीट झालं म्हणून यारोपोल्क खूश होता. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, तू होतीस म्हणून निभावलं. आणि आपल्या माणसांना सांगायला बाहेर गेला.

सासू मात्र बाकावरून उठली नव्हती.

"कोण गेलं तुझं?" तिनं विचारलं.

तोलुन उभीच राहिली.

"मला तुमची भाषा येत नाही. पण गुरं मेली म्हणून सांगताना तुझे ओठ पांढरेफटक पडले होते. आई का?"

तोलुननं होकारार्थी मान हलवली. म्हातारीनं छातीवर क्रूस काढला आणि हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. दाराकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, बाप्तिस्मा न झालेल्या बाईचं नाव पाद्री प्रार्थनेत घेणार नाही. आपण सांगू, माझ्या माहेरची कुणी होती. मेणबत्ती मी स्वतः लावते.

"नाव काय होतं तिचं?"

"आयचेचेक."

"आक्सिन्या?" म्हातारीला ते आपल्याकडचंच नाव ऐकू आलं.

"आयचेचेक," तोलुन पुन्हा म्हणाली.

म्हातारी कान पुढं करून, अगदी मन लावून ऐकत होती. "आक्सिन्याच ना?" तिनं विचारलं.

"हो," तोलुन म्हणाली.